जुन्या लाकडी रेल्वेडब्याचे बाह्यांग : सुरुवात रंगापासून करावी की छतापासून?

रूळवाट (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या आठ-दहा जणांच्या गटाकडे शंभरी ओलांडलेला एक लाकडी प्रवासी डबा जतनासाठी आला आहे. लोखंडी अंडरफ्रेमवर (चाकांवरच्या तळाच्या चौकटीवर) सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, त्यावर बाहेरून पातळ सागवानी तक्ते आणि तक्त्यांच्या प्रत्येक सांध्यावर गोलसर कडेची पट्टी, अशी त्याची बांधणी आहे. तो कित्येक वर्षे उघड्यावर उभा होता. वर घातलेली ताडपत्रीही शेवटी फाटून गेली होती. बाहेरच्या रंगाचे पोपडे सुटले आहेत, काही पट्ट्या गळून पडल्या आहेत आणि दारांजवळचे दोन-तीन तक्ते अंगठ्याने दाबले तरी आत जातात.

गटातील बहुतेकांचे म्हणणे असे की, आधी एक बाजू खरवडून, रंगवून चकचकीत करावी; काम डोळ्यांना दिसले की मदतीचे हातही वाढतील. मला हे पटत नाही. मात्र का पटत नाही, ते चारचौघांत नीट मांडता येत नाही. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी सुरुवात कुठून केली, जुना रंग कसा काढला, कुजलेले लाकूड कितपत बदलले आणि शेवटी व्हार्निश केले की रंग दिला, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

पटाशी

रूळवाट, तुमच्या गटाला पुढील गोष्ट सांगून पाहा. बाहेरचा तक्ता बहुतेक वेळा मागच्या बाजूने कुजतो. समोरून पडलेला पाऊस निथळतो आणि वारा-उन्हाने तक्ता पुन्हा कोरडा होतो. पण तक्त्याच्या पाठीमागे शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढण्यासाठी लाकडात साधारण ३० टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो, आणि २० टक्क्यांच्या खाली ओलावा राहिला तर ती डोके वर काढत नाही. म्हणजे तुमचा अंगठा जिथे आत जातो, त्या जागेच्या मागे पाणी दीर्घकाळ साचून राहिलेले आहे. ते कुठून आले हे न शोधता त्यावर रंग चढवला, तर आत ओलावा आणि बाहेर रंगाची बंद कातडी अशी स्थिती होते, आणि कुजण्याचा वेग उलट वाढतो.

पाणी शोधायचे तर वरून खाली यावे. जुन्या डब्यांचे छत म्हणजे वाकवलेल्या कमानींवर ठोकलेल्या फळ्या, त्यांवर अळशीच्या तेलात कालवलेल्या सफेद्याचा (शिशाच्या पांढऱ्या रंगद्रव्याचा) जाड लेप, तो ओला असतानाच त्यावर ताणून बसवलेले किंतान आणि त्यावर पुन्हा रंग. हे किंतान मध्यावर फारसे फाटत नाही. ते तडकते कडेला, जिथे पावसाचे पाणी अडवणारी पट्टी स्क्रूने आवळलेली असते, आणि दिव्यांच्या व हवाझरोक्यांच्या बैठकीभोवती. तिथून शिरलेले पाणी फळीच्या उताराने भिंतीच्या वरच्या तुळईवर येते, खांबाच्या आतल्या बाजूने उतरते आणि तळाच्या तुळईवर येऊन थांबते. खाली कुजलेला तक्ता दिसतो, पण त्याचे कारण दोन मीटर वर असते. आमच्याकडच्या डब्यात आम्ही तळाची तुळई दोन वेळा दुरुस्त केली, तेव्हा कुठे हे आमच्या ध्यानात आले.

दुसरी जागा म्हणजे दारे. खाली सरकणाऱ्या खिडकीची काच दाराच्या पोटातील पोकळीत उतरते, आणि काचेवरून ओघळणारे पाणीही तिच्याबरोबर आत जाते. मूळ कारागिरांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी छिद्रे ठेवली होती. धूळ, पालापाचोळा आणि पुढच्या लोकांनी थापलेला रंग यांनी ती बुजली की दार हंड्यासारखे पाणी धरून ठेवते. तुमची कुजलेली ठिकाणे दारांजवळच आहेत असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे मी तरी आधी तिथे तार घालून पाहीन.

सध्या एवढेच करावे : डब्यावर उभा मांडव घालावा, चारी बाजूंनी वारा खेळता ठेवावा, आणि टोच्या व ओलावामापक घेऊन दर फुटावर नोंद करत सगळा डबा फिरावा. घाईने हीटर लावून वाळवू नये. बाहेरचा थर आधी आकसून लाकूड फाटते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण जिथे पाऊस पोहोचला नाही अशा सांध्यांतही तो पाणी पोहोचवतो.

रंगरेषा

पटाशी यांच्या म्हणण्याला जोडून एक विनंती आहे. पाण्याची वाट शोधेपर्यंत रंगाला हात लावू नये हे खरेच, पण शोधून झाल्यावरही तो सरसकट खरवडू नये. त्या पोपड्यांमध्ये डब्याचा इतिहास आहे आणि तो एकदाच वाचता येतो.

पट्टीच्या आडोशाला किंवा दाराच्या कडेला, जिथे ऊन आणि हात कमी लागले असतील अशी जागा निवडावी. तिथे रुपयाएवढ्या भागात बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, मध्यभागी जास्त आणि कडेला कमी अशा बेताने घासत जावे. थर एकामागून एक उघडे पडतात आणि झाडाच्या वलयांसारखी रंगीत कडी दिसू लागतात. सर्वांत आत अस्तर, मग लांबी (खळगे भरायची पुट्टी), मग रंग, मग व्हार्निशाची पिवळसर पुसट रेषा, आणि पुन्हा पुढचा रंग. व्हार्निशाची रेषा महत्त्वाची आहे, कारण एका रंगकामाचा शेवट कुठे झाला हे ती दाखवते. ती लक्षात न घेता दोन अस्तरांना दोन वेगवेगळे रंग समजण्याची चूक पुष्कळ जण करतात. जुने व्हार्निश पिवळे पडते, म्हणून त्याखालचा रंग मूळ छटेपेक्षा गडद आणि उबदार भासतो, हेही विसरू नये.

अक्षरांचेही तेच. अंधार पडल्यावर विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकला, तर वरून तीन वेळा रंगवलेली अक्षरे आणि आकडेही उंचवट्यांच्या रूपाने दिसतात. ती पारदर्शक कागदावर गिरवून घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढावीत, आणि अक्षरांचे तळापासूनचे अंतर लिहून ठेवावे. सोन्याच्या वर्खाची अक्षरे असतील तर वर्खाखालच्या चिकट थराची जाडी हाताला जाणवते.

शक्य असेल तर एक हातभर पट्टा सर्व थरांसकट तसाच राखून ठेवावा. पुढे कोणाला शंका आली, तर तपासायला मूळ पुरावा जागेवर राहील.

नवशिका

मी या क्षेत्रात अगदी नवा आहे. आमच्याकडे हीट गन आणि यांत्रिक सँडर (घासायचे यंत्र) दोन्ही आहेत. रंग काढण्यासाठी यांपैकी काय वापरावे?

रंगरेषा

नवशिका, सँडर आधी कुलूपबंद करून ठेवा. जुन्या डब्यांच्या रंगात शिसे आहे असे धरूनच चालावे. लोखंडावर शेंदूर आणि लाकडावर सफेदा ही त्या काळची नेहमीची अस्तरे होती, आणि ही दोन्ही शिशाचीच संयुगे आहेत. कोरडे घासले की त्यांची धूळ श्वासातून, हातांतून आणि कपड्यांतून घरापर्यंत जाते, आणि तिचा सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो. वाळलेला पोपडा ओला करूनच हाताच्या खरवडणीने काढावा, खाली प्लास्टिक अंथरावे, धूळ केवळ हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) गाळणीच्या व्हॅक्यूमने ओढावी, शिशाच्या धुळीसाठीच प्रमाणित केलेला मुखवटा वापरावा आणि कामाचे कपडे कामाच्याच जागी ठेवावेत. गोळा झालेला कचरा साध्या कचऱ्यात टाकू नये.

हीट गन चालते, पण मर्यादेत. अमेरिकेच्या नियमांत शिशाच्या रंगासाठी ११०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५९० अंश सेल्सिअस, ही कमाल मर्यादा आहे आणि उघडी ज्योत तर निषिद्धच आहे. मी स्वतः त्याच्या पुष्कळ खाली राहतो, कारण रंग मऊ पडण्यापुरतीच उष्णता आपल्याला हवी असते. शिवाय तक्त्याच्या पाठीमागच्या पोकळीत शतकभराची कोरडी धूळ आणि भुसा असतो. ठिणगी आत गेली तर ती कितीतरी वेळ धुमसते आणि माणसे निघून गेल्यावर पेट घेते. म्हणून उष्णतेचे काम दिवस संपण्याच्या दोन तास आधी थांबवावे आणि तेवढा वेळ जागेवर पहारा ठेवावा.

रासायनिक द्रावणांपैकी मिथिलीन क्लोराइड असलेली द्रावणे टाळावीत. बंद जागेत त्यांच्या वाफेने माणसे दगावली आहेत आणि अमेरिकेत २०१९ पासून घरगुती वापरासाठी त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. कॉस्टिकसारखी तीव्र क्षारी द्रावणे रंग छान काढतात, पण सागवान आणि ओक काळवंडवतात. पुढे लाकूड उघडे दाखवायचे असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

सांधेजोड

कुजलेल्या लाकडाचे काय करावे हा धाग्यातील खरा कठीण प्रश्न आहे असे मला वाटते, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

एक तक्ता खालून चार बोटे कुजलेला असेल, तर संपूर्ण तक्ता काढून नवा बसवणे सुताराला सोपे जाते, वेळही वाचतो. परंतु अशा रीतीने प्रत्येक तक्ता बदलत गेलो तर शेवटी हातात एक नवा डबा उरतो आणि जुना सरपणात जातो. जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतील दोन वाक्यांचा आशय मी नेहमी डोक्यात ठेवतो : जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, आणि नव्याने घातलेला भाग एकंदरीत मिसळून गेला तरी मूळ भागापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. ती सनद वास्तूंसाठी होती. जुन्या रेल्वेंसाठी युरोपातील वारसा रेल्वेंच्या फेडेक्रेल या संघाने २००५ मध्ये रीगा सनद स्वीकारली. रेल्वेच्या वस्तू चालत्या ठेवण्यातच त्यांचा अर्थ आहे हे तिने मान्य केले, आणि तरीही मूळ साहित्याचा मान राखावा असे सांगितले. या दोहोंमधली ओढाताण तुम्हाला प्रत्येक तक्त्यापाशी जाणवेल.

माझी पद्धत अशी. कुजलेला भाग पटाशीने निरोगी लाकडापर्यंत कापून काढायचा, आणि आणखी थोडे मागे जायचे, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्याही पुढे पोहोचलेली असते. मग त्याच जातीचे, रेषांची दिशा आणि दाटी जुळणारे लाकूड घेऊन तिरका सांधा करायचा. सांध्याचा उतार जाडीच्या किमान आठपट लांब हवा. जुने सुतार बारापट घेत. खांबाची जाडी ७० मिलिमीटर असेल तर आठपटीने उतार ५६० मिलिमीटर होतो, म्हणजे वरचे निरोगी लाकूडही थोडे कापावे लागते. ते जिवावर येते, पण आखूड सांधा डबा हलू लागला की उघडतो. तक्त्यावरचे थिगळ मात्र मी कधी चौकोनी करत नाही. रेषांना आडवी जाणारी सरळ कड नजरेला लगेच खुपते, शिवाय पाणी तिच्यावर थांबते. तिरप्या कडेचे, होडीच्या आकाराचे थिगळ दिसतेही कमी आणि टिकतेही जास्त.

नव्या तुकड्याच्या पाठीवर, जिथे पुन्हा कधी तक्ता उघडल्याशिवाय नजर पडणार नाही अशा जागी, मी वर्ष कोरून ठेवतो. सनदेतील वेगळेपणाची अट एवढ्याने भागते आणि दर्शनी भागही विद्रूप होत नाही.

राळ

सांधेजोड यांच्या कौशल्याबद्दल आदर आहे, पण आठ-दहा हौशी माणसांना प्रत्येक ठिकाणी असे सांधे जमतील का? कुजलेला भाग वाळवून त्यात पातळ इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणारी कृत्रिम राळ) मुरवायची आणि वरून इपॉक्सीचीच लांबी भरायची, हा मार्ग मूळ लाकूड राखतो, आकार राखतो आणि शिकायला सोपा आहे. मी खिडक्यांच्या चौकटींवर तो केला आहे आणि त्या अजून ठणठणीत आहेत.

सांधेजोड

राळ, इपॉक्सी मी स्वतःही वापरतो, परंतु सांधा चिकटवण्यासाठी. लाकडाची जागा भरण्यासाठी ती मला नको वाटते. लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते आणि आकसते, इपॉक्सी तसे काही करत नाही. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड आहे, तरीही पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत वाळताना ते वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. ३० सेंटिमीटर रुंद, पालथ्या चिरेचा (वलयांना समांतर चिरलेला) तक्ता घेतला आणि त्यातील ओलावा पाच टक्क्यांनी बदलला, तर रुंदीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. तुमची भरलेली लांबी तेवढी हलत नाही, म्हणून तिच्या कडेने केसाएवढी फट पडते, पाणी तिथून आत जाते आणि इपॉक्सीला अडून तिथेच राहते. तुमच्या चौकटी ठणठणीत आहेत, कारण त्या अरुंद आहेत आणि बहुधा सावलीत आहेत. गडद रंगाची डब्याची भिंत उन्हात इतकी तापते की साध्या प्रकारची इपॉक्सी मऊ पडू लागते.

आणखी एक गोष्ट. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे कोणताही चिकट पदार्थ त्याला मनापासून धरत नाही. चिकटवण्याच्या अगदी आधी ताज्या रंधलेल्या पृष्ठभागावरून ॲसिटोनचे फडके फिरवावे आणि ते उडून जाताच काम उरकावे; दुसऱ्या दिवसावर ठेवले तर तेल पुन्हा वर येते.

राळ

रुंद तक्त्यांबाबत मी माघार घेतो. जिथे ओझे नाही आणि आकार गुंतागुंतीचा आहे, उदाहरणार्थ पट्ट्यांचे कोरीव कोपरे, तिथे मात्र मी माझ्या मताशी ठाम आहे.

सांधेजोड

तिथे मलाही हरकत नाही.

वाघीण

मी यांत्रिक बाजूने एक प्रश्न विचारते. हा डबा उभा ठेवायचा आहे की चालवायचा आहे? धाग्यात याचा उल्लेखच झालेला नाही, आणि बाह्यांगाचे बरेच निर्णय याच उत्तरावर अवलंबून आहेत.

चालत्या डब्यात सांगाडा सतत पिळला जातो. खांब आणि तळाची तुळई यांचा जोड ढिला असेल तर बाहेरचे तक्तेच नकळत भार घेऊ लागतात आणि त्यांचे सांधे फाटतात. त्यामुळे तक्ते बसवण्यापूर्वी डबा सपाट उभा आहे का, हे दोरी आणि ओळंब्याने पाहावे. अंडरफ्रेमखाली ताणाचे गज असतील तर त्यांच्या मधल्या आवळणीने पाठीचा झोल काढता येतो, पण तो दररोज थोडा थोडा आणि तक्ते सुटे असतानाच काढावा. झोल असलेल्या डब्याला तंतोतंत मापाचे तक्ते बसवून नंतर झोल काढलेला मी पाहिला आहे. त्यानंतर एकही दार बंद होत नव्हते.

चालवायचा असेल तर आगीचाही विचार लागतो. १९१५ साली स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल येथे झालेल्या अपघातात दोनशेहून अधिक माणसे गेली, ती मोठ्या प्रमाणात लाकडी डबे आणि त्यांतील गॅसच्या दिव्यांमुळे लागलेल्या आगीत. जुनी वायरिंग तक्त्यांमागून गेलेली असेल, तर तक्ते उघडे आहेत तोवरच ती बदलून घ्यावी. आणि गरम नळ्यांभोवती पांढरट, तंतुमय वेष्टन दिसले तर त्याला हात न लावता ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्यावी.

रूळवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. वाघीण, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलाच नव्हता. काल बैठकीत ठरले की, आवारातल्या छोट्या मार्गावर अगदी हळू चालवण्याइतका तो तयार करायचा. छताचे काम आधी घेण्यालाही गटाची संमती मिळाली. पटाशी यांचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. आता व्हार्निश की रंग, यावरून दोन तट पडले आहेत.

तेलपाणी

हा वाद आवडीनिवडीवर सोडू नये. डबा मुळात कसा होता, याला महत्त्व आहे.

काही कंपन्यांनी सागवान दाखवण्यासाठीच वापरले. १९२३ मध्ये अस्तित्वात आलेल्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेवर मुख्य यांत्रिक अभियंता नायजेल ग्रेस्ली यांच्या काळात बांधलेले डबे व्हार्निश केलेल्या सागवानाचे होते, आणि ती परंपरा त्यांच्या आधीच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेपासून चालत आलेली होती. ग्रेस्ली यांच्यानंतर एडवर्ड थॉम्पसन यांनी पोलादी पत्र्याचे डबे आणले, तेव्हाही पत्र्यावर लाकडाच्या रेषा रंगवून सागवानाचा आभास निर्माण केला गेला. पुढे ब्रिटनमधील रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतर त्यांतील पुष्कळ सागवानी डब्यांवर सरळ रंग चढला. उलट ग्रेट वेस्टर्नचे चॉकलेटी आणि पिवळसर पांढरे डबे किंवा मिडलंडचे किरमिजी डबे रंगासाठीच बांधलेले होते. तसल्या डब्यांचे तक्ते रेषा जुळवून निवडलेले नसत आणि त्यांच्या खळग्यांत लांबी भरलेली असे. असा डबा खरवडून व्हार्निश केला, तर जो कधीच नव्हता असा डबा आपण तयार करतो. रंगरेषा यांनी सांगितलेली वलये आधी पाहा. लाकडाला लागून अस्तर आणि लांबी निघाली तर रंग द्या, लाकडाला लागून स्वच्छ व्हार्निश निघाले तर व्हार्निश करा.

व्हार्निश करणार असाल तर ते कायमचे काम नाही हे आधीच मान्य करा. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पारदर्शक थरातून आत जाऊन लाकडातील लिग्निन तोडतात, आणि लिग्निन सुटले की व्हार्निशाला धरायला काही उरत नाही. ते लाकडाच्या सुटलेल्या तंतूंसह सालीसारखे निघते. रंग अपारदर्शक असल्याने हा धोका त्याला कितीतरी कमी. म्हणून अतिनील किरण शोषणारे, तुंग तेलावर आधारलेले, वाळल्यावर थोडे लवचीक राहणारे व्हार्निश निवडावे. दोन घटकांचे कडक पॉलियुरेथेन पहिल्या वर्षी काचेसारखे दिसते, पण लाकूड हलले की तडकते, आणि मग ते काढताना लाकूडही निघते.

व्हार्निशाचा पहिला हात (थर) निम्मा पातळ करून मुरवावा, पुढचे हळूहळू दाट करावेत आणि एकूण सात-आठ हात द्यावेत. दोन हातांच्या मध्ये २४० ते ३२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने हलके घासावे. सकाळचे दव पूर्ण उडाल्याशिवाय सुरुवात करू नये आणि संध्याकाळच्या गारव्याच्या तीन-चार तास आधी ब्रश ठेवून द्यावा. ओल बसलेल्या हातावर दुसऱ्या दिवशी दुधाळ झाक येते. तक्त्याची पाठ आणि विशेषतः रेषांची टोके उघडी पडलेल्या कडा बसवण्यापूर्वीच बंद कराव्यात. लाकूड टोकाकडून पाणी सर्वांत वेगाने पिते, आणि तक्ता एकदा बसला की तिथे ब्रश पोहोचत नाही. त्यानंतर दरवर्षी थर शाबूत असतानाच वरून एक-दोन हात द्यावेत. एक वर्ष चुकले की दोन वर्षांचे काम वाढते.

तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचे आणि तुंगाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि गुंडाळलेले फडके आपोआप पेटते. ते पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावेत.

पटाशी

स्क्रूंबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. सागवानात पितळी, खाचेच्या डोक्याचे स्क्रू वापरावेत. पितळ मऊ असते, त्यामुळे आधी त्याच मापाच्या लोखंडी स्क्रूने आटे पाडून घ्यावेत, मग मेण लावून पितळी स्क्रू हाताने बसवावा. यंत्राने आवळला तर डोके तुटून आतच राहते. ओकच्या भागात लोखंडी स्क्रू राहिले असतील तर त्यांच्याभोवती निळसर काळे डाग असतील. ते ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने फिके होतात, पण स्क्रू काढल्याशिवाय डाग काढू नये. हातमोजे आणि चष्मा घालावा आणि नंतर जागा भरपूर पाण्याने पुसून घ्यावी. तक्ते मात्र चारी कडांना स्क्रूने जखडू नयेत. कडा पट्टीखाली थोड्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत, म्हणजे सांधेजोड यांनी सांगितलेले दोन-तीन मिलिमीटर हलायला जागा मिळते. पट्टीचे खरे काम तेच आहे. शोभा ही नंतरची.

रूळवाट (धागाकर्ता)

बऱ्याच महिन्यांनी धागा वर काढतो आहे. छताचे जुने किंतान निघाले, फळ्या दुरुस्त झाल्या आणि नवे किंतान बसले. लेपात आता सफेद्याऐवजी शिसेविरहित मिश्रण आहे. पटाशी यांनी म्हटल्याप्रमाणे पाणी कडेच्या पट्टीखालूनच येत होते.

दारांचे प्रकरण मात्र वेगळे निघाले. तळाची छिद्रे धुळीने बुजलेली नव्हती. पूर्वी कोणीतरी दुरुस्ती करताना ती लाकडी खुंट्या ठोकून, वर लांबी भरून, मुद्दाम बंद केली होती. त्यांना ती बहुधा किड्यांची भोके वाटली असावीत. आठपैकी सहा दारांत असेच होते, आणि ज्या दोन दारांत ती उघडी राहिली होती त्यांच्या खालच्या कडा आजही टणक आहेत. आम्ही ती दोन दारे न उघडता तशीच ठेवली आहेत.

रंगाच्या वलयांत सर्वांत आत, लाकडाला लागून, व्हार्निश निघाले. एका बाजूला एकवीस तक्ते होते, त्यांपैकी चार पूर्ण बदलावे लागले, नऊंना थिगळे लागली आणि बाकीचे जसेच्या तसे राहिले. एका तक्त्याच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलेला आकडा आणि वर कोणती बाजू याची खूण सापडली. तोच आकडा समोरच्या खांबावरही होता. त्यामुळे गळून पडलेल्या पट्ट्यांच्या जागाही ठरवता आल्या.

आता एक अडचण आहे. जुने तक्ते घासल्यावर सोनेरी तपकिरी निघाले, आणि नवी थिगळे हिरवट, पट्टेरी, डागाळलेली दिसतात. व्हार्निश करण्यापूर्वी त्यांना डाय लावावा का?

तेलपाणी

लावू नका. ताजे रंधलेले सागवान असेच चितकबरे दिसते आणि प्रकाशात आपोआप एकसारखे सोनेरी होते. छताचे काम झालेलेच आहे, तेव्हा ती बाजू पाऊस लागणार नाही पण उजेड लागेल अशी दोन-तीन आठवडे उघडी ठेवा. मग हलका हात फिरवून ॲसिटोनने पुसा आणि पहिला पातळ हात द्या. डाय आज जुळेल, पण खालचे लाकूड नंतर रंग बदलेल आणि थिगळ पुन्हा वेगळे दिसू लागेल.

सांधेजोड

आणि पाठीवर वर्ष कोरायला विसरला असाल, तर या तीन आठवड्यांत ते काम उरकून घ्या.

रूळवाट (धागाकर्ता)

चार नव्या तक्त्यांवर कोरले होते. नऊ थिगळांवर राहिले आहे. रविवारी त्या तक्त्यांवरच्या पट्ट्या पुन्हा काढतो.